आधी घरी करून बघायचं

पेन ड्राइव्हचं टोपण कधीच हरवलं होतं, म्हणून ग्लेनिसने त्याच्या तोंडाभोवती कलमाची पट्टी गुंडाळून ठेवली होती – तीच हिरवी, ताणली की लांबणारी, सफरचंदाच्या काडीला बांधतात ती – आणि आता तिचं टोक सापडत नव्हतं. लाइलने नख फिरवून पाहिलं. ग्लेनिस टोक नेहमी शेवटच्या वेढ्याखाली खोवायची आणि वरून अंगठ्याने दाबायची, झाडावरही तसंच, त्यामुळे तिची कलमं कधी सुटायची नाहीत, आणि उन्हाळ्यात पट्ट्या काढायची वेळ आली की तो तिच्या नावाने चिडायचा… सुरी समोरच होती, टोस्टच्या ताटलीत, पात्याला व्हेजिमाइटचा काळा, खारट लेप लागलेली. एका घावात काम झालं असतं. त्याने सुरी घेतली नाही.

“मिळालं का?” टेबलावरच्या फोनमधून रोना म्हणाली.

“बघतोय.”

“पेन ड्राइव्ह आहे तो, लाइल. शिंपला नाही. उघड आणि खुपस.”

रोना ग्लेनिसची मैत्रीण. नदीच्या पलीकडच्या काठाला राहते, शाळेचे संगणक सांभाळत निवृत्त झाली, आणि या हिवाळ्यात खुब्याचं हाड बदलून घेतल्यामुळे गाडी चालवू शकत नाही. नाहीतर ती इथे येऊन, त्याला खुर्चीवरून उठवून, चहा मागून, सगळं स्वतःच करून गेली असती. तिला ते आवडलं असतं. त्यालाही, कदाचित.

काम साधं होतं. म्हणजे रोनाने साधं म्हणून सांगितलं होतं. हूऑनच्या खोऱ्यात जुन्या सफरचंदांची झाडं राखणारी एक मंडळी आहे; दर हिवाळ्यात ती हॉलमध्ये जमते, प्रत्येक घरून खाण्याचं एक ताट येतं, आणि लोक एकमेकांना कलमाच्या काड्या देतात, कलमं बांधतात. कुणाकडे कोणतं झाड आहे हे सगळं त्यांच्या वेबसाइटवर असतं. वेबसाइट ग्लेनिसने आणि रोनाने उभी केली, आणि पुढे ग्लेनिसच सांभाळत आली. तिच्यावर शेवटी एक पान आहे – काड्या हव्या असतील तर ग्लेनिसला फोन करा, आणि खाली तिचा मोबाइल नंबर. ग्लेनिस मार्चमध्ये गेली, तोडणी संपता संपता. पान तसंच आहे. आज संध्याकाळी खोऱ्याच्या रेडिओवर कलमांच्या दिवसाची घोषणा होणार, लोक वेबसाइट उघडणार. त्याआधी तिचं नाव आणि नंबर काढून तिथे लाइलचं नाव आणि घरचा नंबर घालायचा. एवढंच.

पण ग्लेनिसचा एक नियम होता. बाहेरच्या वेबसाइटला, जी जगाला दिसते तिला, थेट हात लावायचा नाही. आधी घरी करून बघायचं. पहिल्याच वर्षी तिने घाईत काहीतरी थेट बदललं होतं आणि शनिवार-रविवार खोऱ्यातली सगळी झाडं नाहीशी झाली होती. लोक तिला रस्त्यात थांबवून विचारायचे, काय गं, बागा तोडल्यास का आमच्या. तेव्हापासून तिच्या संगणकावर सगळ्या वेबसाइटची एक घरची प्रत असायची. तो संगणक मागच्या उन्हाळ्यात बंद पडला तो पडलाच. प्रत मात्र या पट्टीच्या आत होती, आणि आता ती लाइलच्या संगणकावर चालती करायची होती. त्याच्या संगणकावर तो ट्रॅक्टरचे सुटे भाग शोधत असे आणि पाऊस बघत असे. बस.

टोक सापडलं. पट्टी सुटली तेव्हा ती अजून ताणलेलीच होती, आणि हातात एकदम लहान झाली.

“खुपसला,” तो म्हणाला.

मग सगळी सकाळ त्यात गेली. आधी एक प्रोग्राम उतरवून घ्यायचा होता, त्यात सर्व्हर आणि डेटाबेस दोन्ही एकत्र येतात. सर्व्हर म्हणजे पान मागितलं की पान देणारा, रोनाने सांगितलं, आणि डेटाबेस म्हणजे त्याचं कोठार. बाहेरच्या वेबसाइटचा सर्व्हर कुठल्यातरी शहरात, कुठल्यातरी थंड खोलीत असतो. आता तो तुझ्या स्वयंपाकघरात असणार. लाइलने मान डोलावली, मग फोनवर मान दिसत नाही हे लक्षात येऊन “बरं” म्हणाला. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. ती बघत बसणं बरं होतं. ती कुणासाठी थांबत नव्हती आणि कुणाला काही विचारतही नव्हती…

बाहेर कर्कश आवाज झाला. तो अर्धा उठला. खिडकीत ग्लेनिसचा मोबाइल चार्जरला लावलेला होता, त्याकडे त्याने पाहिलं. काळा. आवाज कुंपणापलीकडून आला होता – रानकोंबड्या, शेपट्या उभारून पळणाऱ्या, दोन करवती एकाच लाकडात घातल्यासारख्या ओरडणाऱ्या. ग्लेनिसने एकदा गंमत म्हणून त्यांचा आवाज टिपला आणि फोनला लावला. हॉलमध्ये, बँकेत, एकदा एका अंत्यविधीला तो वाजला. तिने नंतर बदलला नाही. मार्चपासून त्याला कोंबड्या आणि फोन यांतला फरक कळेनासा झाला आहे, किंवा कळतो, पण अर्धं उठून झाल्यावर.

“कुठे गेलास?” रोना म्हणाली.

“कुठे नाही. कोंबड्या.”

“त्यांना म्हणावं, आम्ही कामात आहोत.”

सर्व्हर सुरू होईना. त्याच्या नावापुढे लाल ठिपका यायचा आणि जायचा. रोना म्हणाली, त्याच्या दारात दुसरं कुणीतरी बसलंय, एका दारात एकालाच बसता येतं, बघ कोण आहे ते. तिने सांगितलं तिथे त्याने शोधलं. बसलेला निघाला दहिवराचा प्रोग्राम. बागेच्या खालच्या अंगाला एक तापमापक आहे, तो पारा उतरला की या संगणकाला सांगतो आणि संगणक शिट्टी वाजवतो. मोहोराच्या दिवसांत पहाटे शिट्टी झाली की दोघं उठायची, कोटावर कोट चढवायची, आणि फवारे सुरू करून मोहोरावर पाणी गोठू द्यायची. बर्फाच्या आत मोहोर वाचतो. ग्लेनिस म्हणायची, हे ज्याने पहिल्यांदा करून पाहिलं त्याच्या बायकोने त्याला वेडा म्हटलं असेल… आता जुलै, इथला ऐन हिवाळा. झाडं उघडी, काठ्यांसारखी. वाचवायला काही नव्हतं. त्याने तो प्रोग्राम बंद केला, आणि सर्व्हरचा ठिपका हिरवा झाला, लगेच, जणू तो तेवढ्याचीच वाट बघत होता.

“आता डेटाबेस,” रोना म्हणाली. “पासवर्ड मागेल. काही लिहू नकोस, रिकामं सोड. घरच्या घरी कोण कुलूप लावतं?”

“आम्ही बाहेरच्या दारालाही लावत नाही.”

“ठाऊक आहे. तुझ्या शेडमधला खुंटकापू, जाड खुंट छाटायचा तो, मी गेल्या वर्षी तसाच नेला.”

“तो तू नेलास?”

“वर्षभर सापडला नाही तरी चाललं, म्हणजे तुला लागतही नव्हता.”

तो हसला असावा. घशातून काहीतरी आलं. पलीकडे ती जरा जास्तच भरभर पुढचं सांगू लागली.

शेवटची गोष्ट त्याला दोनदा समजावून घ्यावी लागली. ग्लेनिसच्या पानांवर जिथे तिथे वेबसाइटचं पूर्ण नाव लिहिलेलं आहे, त्यामुळे घरची प्रत उघडली तरी एका टिचकीसरशी माणूस बाहेरच्या वेबसाइटवर जाऊन पडतो. म्हणून संगणकाला थोडं फसवायचं. त्याच्या पोटात एक फाइल असते, तिच्यात एक ओळ लिहायची – हे नाव विचारलं की बाहेर जाऊ नकोस, स्वतःकडेच ये. स्वतःसाठी प्रत्येक संगणकाचा एकच आकडा ठरलेला आहे, जगात कुठेही जा. एकशे सत्तावीस, शून्य, शून्य, एक.

“सगळ्यांचा तोच?”

“सगळ्यांचा तोच. माझ्याकडे तो आकडा टाकला की माझं घर. तुझ्याकडे टाकला की तुझं.”

“मग चुकून तुझ्या घरी यायला नको.”

“आलास तर पाय पुसून ये.”

त्याने ती ओळ लिहिली. एक एक अक्षर, तर्जनीने. फाइल जपायला, म्हणजे सेव्ह करायला, गेला तर संगणक म्हणाला, परवानगी नाही. मालक म्हणून उघडावी लागते, रोना म्हणाली, नुसतं उघडून चालत नाही. मालक म्हणून उघडली. जपली. मग त्याने वेबसाइटचं नाव टाकलं, आणि आली – सफरचंदाचं चित्र, तिनेच काढलेलं, डाव्या बाजूला जरा चपटं; तिच्या हिरव्या रंगातली गावांची नावं; कोणत्या झाडाच्या काड्या कुणाकडे. कुठल्याही शहरातून आली नव्हती. टेबलाखालच्या खोक्यातून आली होती, स्टोव्हपासून हातभर अंतरावरून.

“आली,” तो म्हणाला.

“बघ, झालं की नाही. कलम लागलं. मूळ तुझं, काडी तिची.”

त्याला ते आवडलं नाही. कलमाला पुढे वसंतात पालवी येते. या प्रतीत ग्लेनिसने जे लिहिलं होतं तेवढंच होतं, त्यात ती आणखी एक अक्षरही घालणार नव्हती. पण हे रोनाला सांगून काय करायचं. ती चांगलं म्हणूनच बोलली होती. गेल्या चार महिन्यांत लोक जे बोलले ते सगळं चांगलं म्हणूनच बोलले होते.

खिडकीतला मोबाइल वाजला. या वेळी खरंच मोबाइल. त्याने रोनाला थांब म्हटलं आणि उठला – पूर्ण, चटकन, गुडघ्याची पर्वा न करता.

“ग्लेनिस आहे का?” कुणी बाई होती. जडबरी गावाहून बोलत होती. तिच्या वडिलांच्या आवारात एक झाड होतं, त्याला ते मेंढीनाक म्हणायचे, फळ लांबट, टोकाला निमुळतं. आवार विकलं, झाड गेलं. त्याची काडी कुठे मिळेल?

“मी तिचा नवरा बोलतोय,” लाइल म्हणाला. मग पुढचं वाक्य म्हणाला, नेहमीचं. ती गोंधळली, माफी मागू लागली. तो म्हणाला, तुम्हाला कसं कळणार, आणि मेंढीनाकाची काडी आहे, आमच्याच वरच्या रांगेत आहे, हॉलवर या, मी बाजूला काढून ठेवतो. तिने विचारलं, येताना काय आणू, केक चालेल का. चालेल, तो म्हणाला.

तर हे असं होतं. हिवाळ्यात तो फोन वाजतो. आठवड्यातून कधी एकदा, कधी दोनदा कुणीतरी तिला विचारतं. ग्लेनिस आहे का – अगदी साध्या आवाजात, ती मागच्या खोलीत असावी आणि हाक मारली की यावी अशा. त्यानंतरचं वाक्य त्याला बोलावं लागतं, ते वाईट असतं. पण त्याच्या आधीचा तेवढा क्षण… तेवढ्यापुरतं कुणीतरी एक माणूस असतं ज्याच्या लेखी ती घरात असते. नाव काढलं की फोन वाजायचा थांबणार. हे त्याने रोनाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने स्वतःच ते ऐकलं असतं, आणि ऐकायला ते बरं वाटलं नसतं – एवढा थोराड माणूस, फोन चार्ज करत बसतो.

तो परत खुर्चीवर आला.

“कोण होतं?”

“मेंढीनाक.”

“हं,” रोना म्हणाली, आणि काही विचारलं नाही. मग म्हणाली, “आता आधी घरच्या प्रतीत कलमांच्या दिवसाची तारीख घाल. नाव, नंबर बदल. नीट दिसतंय का बघ. मग ती ओळ काढून टाक, म्हणजे तुझा संगणक पुन्हा बाहेर जाईल. तिथे हेच सगळं परत कर. जेवून घे मधे.”

“रोना. बाहेरच्या वेबसाइटची किल्ली तुझ्याकडेही आहे ना.”

“आहे.”

“मग तूच –”

“ते पान मी उघडून पाहिलंय, बाबा. उघडलं आणि मिटलं.” तिचा आवाज बदलला नव्हता. “तू नवरा आहेस. तुझं तू बघ. झालं की फोन कर.”

स्टोव्हवर कालचं सूप होतं, ते त्याने उभ्यानेच प्यायलं. मग घरच्या प्रतीत तारीख घातली. तारीख नीट दिसली. नावाच्या पानावर गेला, आणि तिथे थांबला. नियमाप्रमाणे ते आधी इथे करायला हवं होतं. पण एकाच गोष्टीसाठी दोनदा मन घट्ट कोण करणार? एकदाच करू, बाहेर, आणि विषय संपवू. नाव काढण्यात बिघडण्यासारखं काय आहे. तिथे तिची माफी मागितल्यासारखं त्याने काहीतरी मनात म्हटलं, ती फाइल उघडली आणि तर्जनीने ती ओळ एक एक अक्षर पुसली. पडद्यावरची खिडकी मिटली. काहीतरी विचारलं गेलं, त्याने होय किंवा नाही म्हटलं.

आता बाहेर. वेबसाइटचं नाव टाकलं. तेच चपटं सफरचंद. फरक काही दिसत नव्हता, पण दिसणार तरी कसा. कलमांच्या दिवसाची तारीख तिथे आधीच होती. रोनाने घातली असणार. तिला कुठे धीर असतो.

शेवटचं पान. काड्या हव्या असतील तर ग्लेनिसला फोन करा.

ती फोनवर कशी बोलायची… उभी राहून, दाराच्या चौकटीला पाठ लावून, एका पायाने दुसऱ्या पायाचा मोजा खाली सरकवत. समोरच्याला झाडाचं नाव माहीत नसलं तरी तिला चालायचं. फळ हिवाळ्यात टिकायचं का, साल तेलकट लागायची का, वडील त्याचं काय करायचे, असं विचारत विचारत ती झाडापर्यंत पोचायची, आणि पोचली की लाइलकडे बघून भुवया उडवायची. त्या वेळी तो बहुतेक पेपर वाचत असे. पेपर वाचत असे, आणि भुवया दिसल्या की पान उलटत असे, दाद दिल्यासारखं. ती तेवढ्यावर भागवायची. तिला दाद कशी ओळखायची ते माहीत होतं.

त्याने नावामागे उभी रेघ नेऊन ठेवली. मागे मागे येत अक्षरं गेली. शेवटचं गेल्यावर वाक्याच्या मधे एक भोक राहिलं, आणि त्यात ती रेघ लुकलुकत होती. त्याने स्वतःचं नाव लिहिलं. घरचा नंबर लिहिला. जपलं. पान पुन्हा आलं – काड्या हव्या असतील तर लाइलला फोन करा. वाक्य होतं तसंच होतं. सफरचंद तसंच होतं. त्याला वाटलं होतं काहीतरी होईल, छातीत किंवा निदान पडद्यावर. काही झालं नाही. स्टोव्हमध्ये लाकूड खाली बसलं. त्याने हात मांडीवर ठेवले, आणि त्याला जरा लाज वाटली.

मग रोनाला फोन लावला.

“झालं.”

“शाब्बास. थांब, बघते.” पलीकडे खुर्ची करकरली. “लाइल, कुठे झालं?”

“म्हणजे?”

“इथे ग्लेनिसच आहे. आणि तारीखही नाही.”

“तारीख तू घातलीस.”

“मी कशाला घालू? तुला सांगितलं ना घालायला.” तिने श्वास घेतला. “ती ओळ पुसलीस?”

“पुसली.”

“आणि फाइल जपलीस? मालक म्हणून?”

त्याने पडद्याकडे पाहिलं.

“नुसती उघडून पुसलीस,” रोना म्हणाली, हळू आवाजात, “आणि त्याने विचारलं तेव्हा काहीतरी दाबलंस. म्हणजे ओळ आहे तिथेच आहे. तू दारातून बाहेर पडलास असं तुला वाटलं, आणि पडलास तो आपल्याच स्वयंपाकघरात. अरे, हे सगळ्यांचं होतं. मी शाळेत असताना एकदा आठवडाभर करत होते. ग्लेनिसचंसुद्धा झालं होतं. एका दुपारी सगळ्या गावांची नावं सुधारत बसली, आणि एकही कुणाला दिसलं नाही.”

“हे मला नाही बोलली.”

“तुला कशी बोलेल. तू हसला असतास.”

“नसतो हसलो.”

“बरं, पान उलटलं असतंस.”

तर रोनालाही ते माहीत होतं. ग्लेनिस फोनवर तिला हेही सांगायची म्हणजे… त्याला त्याचं वाईट वाटलं नाही. कुठेतरी ते ठेवलेलं आहे, एवढंच वाटलं, आणि ते ठेवलेलं आहे हे आजवर ठाऊक नव्हतं.

“तिच्या मोबाइलवर उघडून बघ,” रोना म्हणाली. “त्याला कुणी फसवलेलं नाही. रेडिओला अजून अवकाश आहे. किंवा राहू दे. रेडिओचं मी बघते, त्यांना सांगते उद्या वाचा. ऐकतोयस ना?”

“ऐकतोय.”

“काय करू?”

“थोड्या वेळाने फोन करतो.”

“कर. नाही केलास तरी मी उद्या खुंटकापू परत द्यायला कुणाला तरी पाठवणारच आहे.”

फोन ठेवल्यावर घर फार शांत झालं असं नाही. स्टोव्ह होता, संगणकाचा पंखा होता. त्याने खिडकीतून मोबाइल आणला, चार्जरची तार काढून, आणि वेबसाइट उघडली. त्या लहान पडद्यावर सफरचंद अजूनच चपटं दिसत होतं. शेवटचं पान. काड्या हव्या असतील तर ग्लेनिसला फोन करा.

त्याने मोबाइल संगणकाच्या पडद्याला टेकवून ठेवला. एकाच नावाची दोन पानं. एकात ती होती आणि एकात नव्हती. जडबरीत होती, पाण्यापलीकडे रोनाकडे होती, ज्यांनी तिला कधी पाहिलंही नाही त्यांच्याकडे होती. नव्हती ती फक्त या टेबलावर, या खोक्यात, त्या आकड्यावर जो प्रत्येकाचा स्वतःचा असतो. त्याने मनात उलटसुलट करून पाहिलं, आणि त्यात नवीन काही नाही हे त्याच्या ध्यानात आलं. मार्चपासून हेच होतं. एवढंच की समोर मांडलेलं पाहिलं नव्हतं.

आणि त्याने ठरवून मोडलेला तो नियम खरं तर मोडलेलाच नव्हता. आधी घरी करून बघायचं. बघून झालं होतं. वाक्य उभं राहिलं होतं, झाडं नाहीशी झाली नव्हती. बाहेरचं व्हायचं होतं, ते आता तेवढं मोठं वाटत नव्हतं, लहानही वाटत नव्हतं. आज करता येईल. उद्याही करता येईल. ग्लेनिस असती तर म्हणाली असती – पण ती काय म्हणाली असती ते त्याला या वेळी ऐकू आलं नाही, आणि त्याने ओढूनताणून ऐकण्याचा प्रयत्नही केला नाही.

पेन ड्राइव्ह अजून खोक्याला लटकत होता. त्याने तो काढला, ती हिरवी पट्टी उचलली, आणि त्याच्या उघड्या तोंडाभोवती गुंडाळायला घेतली. बोटं आपोआप ताणत गेली. शेवटचा वेढा आला तेव्हा त्याने टोक वेढ्याखाली खोवलं, तिच्यासारखं, आणि अंगठा दाबून धरला.

कर्कश आवाज सुरू झाला, दोन करवतींचा. मोबाइल टेबलावर होता, टेकवलेला घसरून पालथा पडलेला. खिडकी थोडी उघडी होती, आणि कुंपणापाशी काहीतरी हलत होतं. लाइल उठला नाही. त्याने मोबाइल उलटून पाहिला नाही आणि खिडकीकडेही पाहिलं नाही. अंगठा तसाच दाबून धरून तो बसून राहिला, आणि आवाज होता तोवर ऐकत राहिला.